चार नंबरचं कार्ड

आजच्या भागात इतिहास आहे, पण फार जुना नाही, पन्नासेक वर्षांचा. तो सुरू होतो अमेरिकेत आणि येऊन थांबतो आमच्या भंडारा जिल्ह्यात, तुमसरला.

माझ्या टेबलाच्या खणात दोन कार्डं पडून आहेत. एटीएमची नाहीत, जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात बसायची ती. हिरवी पट्टी, तळहातापेक्षा जरा लहान, खालच्या कडेला सोनेरी दात आणि मागच्या बाजूला एक चौकोनी भोक, ज्यात नेटची वायर टक्कन बसते. नेटवर्क कार्ड. आमच्याकडे त्याला सगळे लॅन कार्डच म्हणायचे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ही वस्तू हातात घेतली नसेल, कारण तुमचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे मोबाइल, आणि त्यात हे सगळं काम एका नखाएवढ्या चिपमध्ये जाऊन बसलंय. माझी ही दोन्ही कार्डं कोरी आहेत. २०११ मध्ये अडीचशेला एक याप्रमाणे घेतली होती. त्यांची गरजच नव्हती, हे कळायला मला बारा दिवस लागले.

मी तेव्हा तुमसरला एका सायबर कॅफेत बसायचो. तुमसर म्हणजे तांदळाची मोठी बाजारपेठ. सिहोरा, गोबरवाही, नाकाडोंगरी या बाजूची पोरं-पोरी एसटीनं यायची. निकाल बघायचे, फॉर्म भरायचे, हॉलतिकीट काढायचं, प्रिंट घ्यायची आणि परतीची गाडी पकडायची. मालकांना आम्ही काकाजी म्हणायचो. आठ मशीन होत्या, सगळ्या नागपूरहून आणलेल्या सेकंडहँड, कुठल्यातरी ऑफिसनं काढून टाकलेल्या. सहा पेंटियम थ्री, दोन पेंटियम फोर, सगळ्यांवर विंडोज एक्सपी. आणि भिंतीवर एक चोवीस पोर्टचा स्विच. तोही भंगारातलाच, एका मोठ्या ऑफिसचा, लोखंडी, वजनदार, पंख्याची घरघर करणारा. काकाजींना त्या स्विचचा भारी अभिमान. "नवा घ्यायले गेलं तं कितीचा पडंल माहीत आहे काय?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

या आठांतलं चार नंबरचं मशीन कायम रडायचं. साइट उघडायची, मेल उघडायचा, पण मधेच अडायचं. आणि फाइल कॉपी करायला घेतली की संपलं.

इथं कॅफेचं काम कसं चालायचं ते सांगतो, कारण गोष्ट त्यावरच आहे. स्कॅनर काकाजींच्या मशीनला जोडलेला. फोटो आणि सही तिथं स्कॅन करायची, शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायची, मग गिऱ्हाईक ज्या मशीनवर बसलंय तिथून ती फाइल ओढायची, लहान करायची आणि अर्जाला जोडायची. एक स्कॅन साधारण तीन एमबीचा. आमचं ब्रॉडबँड ५१२ केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला फार तर ६४ किलोबाइट. त्या हिशेबानं तीन एमबीची फाइल अमेरिकेतून यायला पाऊण मिनिट. आणि आतल्या आत, वायरीनं, सहा फुटांवरच्या काकाजींच्या मशीनवरून यायला? शंभर मेगाबिटचं कार्ड, शंभर मेगाबिटचा स्विच. अर्धा सेकंदसुद्धा लागायला नको. चार नंबरवर पाच-पाच मिनिटं लागायची.

आता तो दिवस. एका भरतीच्या ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख. कॅफेत पाय ठेवायला जागा नाही. सिहोऱ्याकडची एक मुलगी दुपारपासून रांगेत होती, तिला जागा मिळाली ती नेमकी चार नंबरची. अर्ज भरून झाला, फोटो-सही तेवढी राहिली. मी कॉपी लावली. स्क्रीनवर एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरकडे कागद उडायला लागले. एक मिनिट बाकी. मग चार मिनिटं बाकी. मग अकरा.

"भाऊ, होईल ना? मले सहाची गाडी आहे."

मी म्हटलं, "होईल ताई. या मशीनचं कार्ड स्लो आहे, थोडा वेळ घेते."

अकराची सतरा झाली आणि एरर आला. परत लावलं, परत तेच. शेवटी सात नंबरचं मशीन रिकामं झालं तेव्हा तिला तिकडं बसवलं, तर तोवर अर्जाची साइटच उघडेना, शेवटच्या तारखेला सगळा महाराष्ट्र त्याच साइटवर. सहाला दहा कमी असताना ती उठली. मी पैसे घेतले नाहीत, तिनं ठेवलेच. अर्ज राहिला.

रात्री शटर ओढताना काकाजी म्हणाले, "चार नंबर कायले अडून रायलं रे? तू रात्रीचा पिच्चर उतरवून रायला काय?" मी शपथ घेऊन सांगितलं, कार्ड खराब आहे. दुसऱ्या दिवशी नागपूरहून येणाऱ्या एकाच्या हाती दोन कार्डं मागवली. एक चार नंबरसाठी, एक असू द्यावं म्हणून.

आणि इथून पुढं मला प्रश्न पडायला लागले. कार्ड स्लो असतं म्हणजे नक्की काय? त्याला झिजायला काही फिरतं थोडंच असतं. तेव्हा कळलं नव्हतं, पुढं वाचत गेलो तसं कळलं. त्यासाठी जरा मागं जाऊ.

२२ मे १९७३. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीची एक संशोधन प्रयोगशाळा होती, पार्क नावाची. तिथं बॉब मेटकाफ नावाच्या इंजिनिअरनं एक टिपण लिहिलं: एकाच वायरीवर अनेक कॉम्प्युटर कसे बोलतील. त्यानं आणि डेव्हिड बॉग्जनं ते बांधून दाखवलं. नाव ठेवलं इथरनेट. वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. कल्पनेचं मूळ होतं हवाई बेटांवरच्या विद्यापीठाच्या अलोहानेटमध्ये. तिथं बेटाबेटांतले कॉम्प्युटर रेडिओवरून बोलायचे, आणि दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जायचं. मग थोडं थांबून पुन्हा बोलायचं. मेटकाफनं हवेच्या जागी वायर आणली आणि एक शिस्त घातली: बोलण्याआधी कान दे, वायर मोकळी असेल तरच बोल, बोलताना टक्कर झाली तर दोघंही गप्प बसा, आणि कुणी किती वेळ थांबायचं ते ज्यानं त्यानं फासे टाकून ठरवा.

म्हणजे एका वेळी एकच. याला हाफ डुप्लेक्स म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, तो परत येणार आहे. भंडाऱ्याचे श्रोते असतील त्यांनी कारध्याचा वैनगंगेवरचा जुना, अरुंद पूल डोळ्यांसमोर आणावा. समोरून ट्रक येत असला तर तुम्ही अलीकडं थांबायचं. हाफ डुप्लेक्स म्हणजे तसा पूल.

१९८० मध्ये डेक, इंटेल आणि झेरॉक्स या तिघांनी मिळून दहा मेगाबिटचं इथरनेट जाहीर केलं, १९८३ मध्ये त्याचं अधिकृत मानक झालं. कार्डं बाजारात आली, आणि महाग होती. ती स्वस्त व्हायचं एक मोठं कारण म्हणजे नोव्हेल कंपनीचं एनई-२०००. नोव्हेलचा धंदा सॉफ्टवेअरचा. कार्डं स्वस्त झाली की सॉफ्टवेअर जास्त खपणार, एवढा सरळ हिशेब. तैवानपासून सगळीकडे त्याच्या नकला निघाल्या. नव्वदच्या दशकात ज्यानं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम केलं त्याला 'एनई-२००० कंपॅटिबल' हे शब्द झोपेतही आठवतील.

आता ही जुनी कार्डं खरोखरच स्लो असायची, आणि त्याची कारणं बघण्यासारखी आहेत. कार्ड ज्या खाचेत बसायचं ती आयसा नावाची खाच, आठ मेगाहर्ट्झवर चालणारी. दहा मेगाबिटला ती पुरेशी होती, शंभरला नाही. शिवाय एनई-२००० जातीच्या कार्डाला स्वतःहून मेमरीत काही ठेवता यायचं नाही. पाकीट आलं की ते प्रोसेसरला हाक मारणार, आणि प्रोसेसर हातातलं काम सोडून येऊन दोन-दोन बाइट उचलून नेणार. हमालाचं काम मालकानं करायचं. शंभर मेगाबिटच्या वायरीवर पूर्ण आकाराची पाकिटं सेकंदाला आठ हजारांवर येऊ शकतात. प्रत्येक पाकिटाला दार वाजलं तर घरातल्या माणसानं जेवायचं कधी? म्हणून जुन्या मशीनवर मोठी फाइल कॉपी करताना माउससुद्धा अडखळायचा.

मग पीसीआय खाच आली, १९९२ मध्ये. सेकंदाला १३३ मेगाबाइट. कार्ड आता स्वतः मेमरीत सामान ठेवू लागलं. पण इथंही एक गंमत आहे. हे १३३ सगळ्या खाचांना मिळून. गिगाबिट कार्डाला एका दिशेनं १२५ लागतात, दोन्ही दिशांनी अडीचशे. म्हणजे जुन्या मशीनमध्ये कितीही भारी गिगाबिट कार्ड घाला, ती खाचच त्याला पूर्ण पळू देत नाही. लोकांनी पैसे घातलेत यात. मी बघितलेत.

आणि मग आलं रिअलटेकचं ८१३९. मी उघडलेल्या बहुतेक कॅबिनेटमध्ये हेच असायचं, कारण एका चिपमध्ये सगळं आणि किंमत नगण्य. इंजिनिअर लोक मात्र त्याला नावं ठेवायचे. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी या चिपचा ड्रायव्हर बिल पॉल नावाच्या प्रोग्रामरनं लिहिला, आणि कोडमध्येच टीप लिहून स्वस्तपणाची व्याख्याच या चिपनं नव्यानं केलीय असा टोमणा मारून ठेवला. त्याची तक्रार अशी: पाकीट मेमरीत नेमक्या ठरावीक जागीच ठेवायचा या चिपचा हट्ट, त्यामुळे ड्रायव्हरला जवळजवळ प्रत्येक पाकीट एकदा जास्तीचं कॉपी करावं लागतं. तक्रार खरी आहे. पण माझं मत विचाराल तर तुमसर, साकोली, पवनीसारख्या गावांत कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले ते याच कार्डानं. आणि पेंटियम थ्रीला ते जास्तीचं कॉपी करणं जड नव्हतं. तीन एमबीला पाच मिनिटं लावण्याइतकं तर मुळीच नाही.

म्हणजे चार नंबरला दुसरंच काहीतरी झालेलं होतं.

नवं कार्ड आलं. बसवलं, ड्रायव्हर टाकला. कॉपी लावली. पाच मिनिटं.

मी जुनं कार्ड काढून पाच नंबरला लावलं. तिथं पळालं. पाच नंबरचं चार नंबरला आणलं, रखडलं. मग वैतागून अख्खा डबाच उचलला: पाच नंबरचा सीपीयू चारच्या टेबलावर, चारचा पाचच्या. रोग टेबलालाच चिकटून. म्हणजे मशीन सुटलं, कार्ड सुटलं. राहिली वायर. वायर मीच क्रिम्प केलेली, त्यामुळे पोटात गोळा. वायर करताना एक चूक सर्रास होते: आतल्या आठ तारांच्या चार जोड्या रंगांप्रमाणे सरळ ओळीनं लावून टाकायच्या. दिसायला नीटनेटकं दिसतं, टेस्टरवर आठही दिवे लागतात. पण तीन आणि सहा नंबरच्या तारा एकाच जोडीतल्या असाव्या लागतात, नाहीतर एकमेकींना पीळ घातलेल्या नसल्यामुळे शेजारच्या तारेचा गोंगाट त्यांच्यात शिरतो. दहा मेगाबिटला चालून जातं, शंभरला घोटाळा. मी कनेक्टर कापून परत केला. काही फरक नाही. नवी वायर टाकली. काही फरक नाही.

पिंग केलं तर एकदम चोख. एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर, एकही चुकत नाही. एक्सपी सांगते, कनेक्शन १०० एमबीपीएस. स्विचवर हिरवा दिवा. सगळे साक्षीदार म्हणतात सगळं ठीक आहे.

अकराव्या दिवशी मी नागपूरच्या मावसभावाला फोन केला. तो नेटवर्किंगच्या कामावर होता. मी सगळं सांगितलं: कार्ड, वायर, डबा. तो ऐकून घेत होता, मग त्यानं विचारलं, "स्विच कुठून आणला बे?"

मी म्हटलं, भंगारातून.

"मंग त्याच्या पोटात कोणाचं तरी जुनं लिहिलेलं असंल. चारची वायर दुसऱ्या पोर्टात टाकून पाह्य."

टाकली. फाइल एवढ्या झटकन आली की मला वाटलं कॉपी झालीच नाही. उघडून बघितली, अख्खी होती.

त्याचं उत्तर १९९५ सालात आहे. तोवर हबच्या जागी स्विच येऊ लागले होते. पहिला इथरनेट स्विच १९९० चा, कल्पना नावाच्या अमेरिकन कंपनीचा. नाव ऐकून कान टवकारले ना? तिच्या संस्थापकांत विनोद भारद्वाज होते. स्विचमुळे प्रत्येक मशीनला स्वतंत्र वायर मिळाली, मग टक्कर कुणाशी होणार? जाणारी आणि येणारी वाट वेगळी, दोन्हीकडून एकदम बोला. हे फुल डुप्लेक्स. म्हणजे कारध्याचा पूल जाऊन दुपदरी पूल झाला. १९९५ मध्ये शंभर मेगाबिटचं फास्ट इथरनेट आलं आणि सोबत ऑटो-निगोशिएशन आलं: वायर लावताच दोन्ही टोकं एकमेकांना विचारणार, तुला किती झेपतं, एकपदरी की दुपदरी, आणि दोघांना जमेल ते ठरवणार.

कागदावर छान. पण सुरुवातीच्या मानकात संदिग्ध जागा होत्या, एका कंपनीचं कार्ड आणि दुसऱ्या कंपनीचा स्विच यांचं जमायचं नाही. मोठ्या ऑफिसांतल्या नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी मग एक सवय लावून घेतली: बोलणी नकोतच, हातानं ठरवून टाका. महत्त्वाच्या पोर्टवर 'शंभर, फुल' असं कायमचं लिहायचं आणि समोरच्या मशीनवरही तेच. १९९८ च्या सुधारणेत त्या जागा बऱ्याच साफ झाल्या, १९९९ च्या तांब्याच्या गिगाबिटला तर ऑटो सक्तीचंच झालं. सवय मात्र वर्षानुवर्षं टिकली.

गोम अशी आहे. एका टोकाला हातानं 'शंभर, फुल' लिहिलं की ते टोक बोलणी करायचंच थांबवतं. दुसरं टोक ऑटोवर असेल तर ते विचारतं, उत्तर येत नाही. वेग त्याला सिग्नलवरून ओळखता येतो, शंभर. पण एकपदरी की दुपदरी हे ओळखायचा काही मार्ग नाही, आणि मानक सांगतं की अशा वेळी सावधपणे हाफ धरावं. झालं. स्विच समजतो पूल दुपदरी, कार्ड समजतं एकपदरी. दोघांनाही विचारा, दोघंही म्हणणार शंभर.

पिंगचं पाकीट बत्तीस बाइटांचं, एक जातं, एक येतं. एकटी सायकल पुलावरून गेली तर टक्कर कशी होणार? पण फाइल निघाली की स्विच ट्रकामागून ट्रक सोडतो. त्याच वेळी कार्डाला मधेच 'मिळालं, मिळालं' असं सांगायचं असतं. ते बोलायला जातं, समोरून येताना दिसतं, त्याला वाटतं टक्कर झाली. ते गप्प बसतं, फासे टाकतं, थांबतं. अर्धवट सुटलेलं पाकीट स्विच खराब म्हणून फेकून देतो. समोरचा पोच मिळाली नाही म्हणून पुन्हा पाठवतो. असं करत करत पाच मिनिटं.

कुठल्याशा ऑफिसातल्या एका माणसानं, त्याच्या परीनं अगदी बरोबर विचार करून, काही पोर्टांवर हे लिहून ठेवलं होतं. पुढं ते ऑफिस नव्या सामानावर गेलं, स्विच भंगारात आला, नागपूरहून तुमसरला आला, आणि लिहिलेलं त्याच्या पोटात तसंच राहिलं. वीज गेली-आली तरी ते पुसलं जात नाही. आमचं लोडशेडिंग रोजचं, तरी नाही. शोधल्यावर कळलं, सात नंबरचं पोर्टही तसलंच होतं. तिथं फक्त गेम खेळणारी पोट्टी बसायची म्हणून कुणी बोंबललं नव्हतं. आणि मी त्या दिवशी त्या मुलीला चारवरून उठवून बसवलं होतं, ते सातवरच.

स्विचचा पासवर्ड नव्हता. मग उलट केलं. डिव्हाइस मॅनेजर, कार्डाच्या प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, लिंक स्पीड आणि डुप्लेक्स, तिथं 'ऑटो' होतं ते काढून '१०० फुल'. चारला आणि सातला. वायरी परत जागच्या जागी. दोन्ही मशीन पळायला लागली. नियम एवढाच: दोन्ही टोकं ऑटो, नाहीतर दोन्ही टोकं हातानं. एक तसं आणि एक असं कधीच नको.

काकाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग ते दोन कार्ड?" दुकानदार परत घेईना. पगारातून कापले नाहीत, पण दिवाळीपर्यंत बोलून दाखवलं. पुढं कॅफे बंद झाला तेव्हा ती कार्डं त्यांनीच माझ्या हातात ठेवली.

आता थोडं बाहेरचं. आमची ही खटपट चालली होती त्याच वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, केंद्राच्या मंत्रिमंडळानं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं. २०१५ पासून त्याचं नाव भारतनेट. प्रत्येक ग्रामपंचायतीला द्यायचे १०० एमबीपीएस. हा शंभर म्हणजे १९९५ च्या त्या कार्डाचाच आकडा. आणि त्याच २०११ मध्ये महाराष्ट्रात संग्राम प्रकल्पातून ग्रामपंचायतींत कॉम्प्युटर बसू लागले. त्याआधी, १९९८ मध्ये, कोल्हापूरकडं वारणेच्या साखरपट्ट्यात सत्तर गावं कॉम्प्युटरनं जोडायचा प्रकल्प झाला होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टचे संशोधक तिथं गेले, तर दिसलं की शेतकऱ्याला लागते ती उसाच्या वजनाची, खताच्या उधारीची माहिती, आणि त्यासाठी जुने होत चाललेले कॉम्प्युटर सांभाळण्यापेक्षा साधा मोबाइल आणि एसएमएस पुरतो. त्यांनी काही गावांत तसं करूनही दाखवलं. मला हा आपल्याकडच्या कॉम्प्युटर इतिहासातला फार महत्त्वाचा प्रसंग वाटतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. कधीतरी त्यावर आख्खा भाग करू.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे वायरच नाही, आम्हाला काय त्याचं. तर मोबाइलचं वायफाय हाफ डुप्लेक्स आहे. आजही. हवेत एका वेळी एकच बोलणार, अलोहानेटसारखंच. म्हणून घरात एखादा जुना, दूर ठेवलेला फोन हळूहळू बोलत असला की तो हवा जास्त वेळ अडवतो आणि नव्या फोनचाही वेग खाली येतो. आणि घरी फायबर असेल, तीनशेचा प्लॅन असेल, आणि स्पीड टेस्ट नव्वद-चौऱ्याण्णवच्या पुढं सरकतच नसेल, तर कंपनीला फोन करण्याआधी राउटरची वायर बघा. शंभरच्या लिंकवर खरा माल तेवढाच जातो. एकतर राउटरचं पोर्टच शंभरचं असेल, नाहीतर वायरीतली एखादी तार तुटली असेल. गिगाबिटला आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात, त्यामुळे एक तुटली की दोन्ही टोकं आपसात ठरवून गुपचूप शंभरवर येतात आणि कुणाला काही सांगत नाहीत.

दोनेक महिन्यांनी ती सिहोऱ्याकडची मुलगी परत आली. दुसऱ्या कुठल्या भरतीचा अर्ज होता, शेवटची तारीख अजून लांब होती. चार नंबर रिकामा होता. ती खुर्चीजवळ उभी राहिली, बसली नाही.

"भाऊ, तुमचं ते कार्ड बदललं का?"

स्विच, डुप्लेक्स, कुठल्याशा ऑफिसातला तो माणूस, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "हो ताई, बदललं. बसा."

मशीनमध्ये तेच जुनं कार्ड होतं. फोटो आला, सही आली, अर्ज गेला, प्रिंट निघाली. तिला चारची गाडी मिळाली.